उघडे कान

वैजयंती देवळेच्या दोन्ही कानांत बुरशी झाली आणि डॉक्टर ओगलेबाईंनी तिला कानात काहीही घालायची मनाई केली. पाणी नको, कापूस नको, काडी तर नकोच. आणि ही तुमची बोंडं, कान पुरते कोरडे होईपर्यंत त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. वैजयंती म्हणाली की बोंडांशिवाय तिला ऑफिसात काम करताच येणार नाही. बाईंनी थेंबांची चिठ्ठी तिच्या हातात ठेवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बोंडं म्हणजे कानात घालायची ती दोन छोटी यंत्रं. कंपनी त्यांना काहीतरी भारदस्त नाव देत असे, पण खराडीच्या ऑफिसातली मराठी माणसं बोंडंच म्हणत. त्यांच्यातून जी यंत्रणा चाले तिचं नाव होतं ‘समस्वर’, आणि तिलाही ऑफिसानं आपलं नाव दिलं होतं: साखर.

कुठल्याही बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. एक म्हणजे शब्द. दुसरी म्हणजे त्या शब्दांची धार: गळा किती आवळलाय, पट्टी कुठे चढली, कुठलं अक्षर आपटलं, श्वास कुठे तुटला. समस्वर या दोन गोष्टी उसवून वेगळ्या करत असे. ऐकणाऱ्याच्या बोंडातला माइक बोलणाऱ्याचा आवाज टिपे, यंत्र त्यातली धार मोजून खाली उतरवे, आणि तेच वाक्य त्याच माणसाच्या आवाजात नव्यानं घडवून ऐकणाऱ्याच्या कानात सोडे. बाहेरचा खरा आवाज बोंडांनी आधीच अडवलेला असे. मध्ये पापणी लवण्याइतका उशीर होई. सुरुवातीला समोरच्याचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटायचं. मग लोकांनी ओठांकडे बघणंच सोडून दिलं.

हे कुणी लादलं होतं असं नाही. कंपनी मोठी, माणसं अनेक देशांतली, आणि त्या काळात आरडाओरडा फार झाला होता. एका मॅनेजरनं सगळ्यांसमोर झापल्यावर एक मुलगा जागेवरच कोसळला, त्यानंतर समस्वर आलं आणि सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं. तक्रारी थांबल्या. पुढे प्रत्येक नव्या आवृत्तीत ते धारेबरोबर थोडे शब्दही बदलू लागलं. “हे चूक आहे” हे “याचा अजून विचार करता येईल” असं पोचू लागलं. किती बदलायचं हे वरच्या मजल्यावर ठरे. बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं दुसऱ्या टोकाला कसं पोचलं हे कधी ऐकू येत नसे, त्यामुळे कुणाला फार प्रश्नही पडले नाहीत.

वैजयंतीला तर ते हवंहवंसं झालं होतं. ती एका विभागाची प्रमुख होती, आणि संध्याकाळी बोंडं काढली की तिला जग खरखरीत वाटे. नवरा साधं “मीठ दे” म्हणाला तरी तो चिडलाय असं वाटायचं. हल्ली ती घरीही बोंडं घालूनच वावरायची. एकदा त्यानं विचारलं होतं की निदान जेवताना तरी काढशील का, आणि तिनं ते ऐकू न आल्यासारखं केलं होतं.

त्या ऑगस्टात तिच्या विभागाकडे एक महत्त्वाचं काम होतं. रुग्णवाहिकेच्या आपत्कालीन फोनवर बसणारी माणसं दिवसभर लोकांचा आक्रोश ऐकून खचून जातात, वर्षाच्या आत नोकरी सोडतात. तर त्यांच्या कानाशी समस्वर लावायचं. फोन करणारा कितीही किंचाळला तरी ऑपरेटरला शांत आवाज ऐकू यायचा. एका जिल्ह्यात सुरुवात करायची तारीख ठरत आली होती. वैजयंतीला कल्पना आवडली होती, शंकाही होत्या. त्या तिनं टीमला बोलूनही दाखवल्या होत्या. टीमकडून आलेल्या बारीकसारीक सूचना तिनं वर कळवल्या आणि खाली शेरा लिहिला, की टीम सोबत आहे.

थेंब टाकून, केसांनी कान झाकून ती ऑफिसात आली. कानात बोंडं नाहीत हे कुणाला सांगायचं तिच्या मनात नव्हतं. पुढे नियमानं ती सगळ्यांना सक्तीची झाली होती. इतक्या वर्षांनी तो मजला तिनं उघड्या कानांनी ऐकला. खुर्च्या करकरत होत्या, एसीचा घुमारा होता, कुणीतरी सतत खोकत होतं.

सकाळच्या बैठकीत नासिर शिकलगार बोलायला लागला. नासिर मिरजेचा, आवाजशास्त्रातला पक्का माणूस. समस्वरची पहिली, फक्त धार उतरवणारी आवृत्ती त्याच्याच हातची. तो आणि वैजयंती एकाच वर्षी कंपनीत आले होते, एकमेकांच्या घरचं जेवलेले होते. गेल्या दोनेक वर्षांत तो जरा लांब गेला होता, पण तो वयाचा, कामाचा परिणाम असेल असं तिनं मानलं होतं. बोलणं तर अजून तसंच होतं, “वैजयंती, तू जरा हे बघतेस का” असं.

“मॅडम,” नासिर म्हणाला, “तुम्हाला पुन्हा एकदा सांगतो, मग नाही सांगणार. किंचाळी हीच माहिती आहे. बाई कशी किंचाळते त्यावरनं कळतं पोरगं श्वास घेतंय का नाही. ते तुम्ही पुसून टाकलं तर गाडी उशिरा निघणार आणि माणसं मरणार. आम्ही सगळ्यांनी सांगून झालंय.”

तो ओरडत नव्हता. ओरडण्याचे दिवस मागे पडून बराच काळ झाला असावा असा तो आवाज होता. वैजयंतीला आधी त्या शब्दांपेक्षा ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’च टोचलं. टेबलाच्या पलीकडून प्रणाली गजभिये, टीममधली सगळ्यांत हुशार मुलगी, समोर न बघता पुटपुटली, “कशाला सांगता सर, भिंतीला सांगितलेलं बरं.”

“नासिर,” वैजयंती म्हणाली, “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

सगळ्यांचे चेहरे मिटले. नासिर मान हलवून हसला, त्या हसण्यात काही नव्हतं, आणि त्यानं समोरचा लॅपटॉप बंद केला.

काहीतरी चुकतंय हे तिला तिथंच कळलं. तिनं केस मागे घेतले आणि दोन्ही कान दाखवले. मग स्वतःच्या कानाकडे आणि त्यांच्या कानांकडे बोट करून काढायची खूण केली. आधी कुणी हललं नाही. नासिरनं काढली, मग प्रणालीनं, मग एकेक करून बाकीच्यांनी.

“मी आत्ता काय म्हणाले?” तिनं विचारलं.

“‘हा मुद्दा निकाली निघालेला आहे, पुढे चला,’” नासिर म्हणाला. “नेहमीसारखं.”

“मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस.”

नासिरनं लॅपटॉप पुन्हा उघडला. त्याच्यातला तंत्रज्ञ त्याच्या रागाच्या आधी जागा झाला असावा. त्यानं बारीक चौकशी सुरू केली, अमक्या बैठकीत तुम्ही काय म्हणाला होता, तमक्या दिवशी काय. दुपारपर्यंत त्यानं प्रकार उलगडला. खालून वर जाणाऱ्या बोलण्याला साखर लागते हे त्याला ठाऊक होतं, पण इतकी जाड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. वरून खाली येणाऱ्या बोलण्यावर मात्र वेगळी प्रक्रिया होती, ती दुसऱ्या शहरातल्या टीमनं केलेली. ‘नेतृत्वाची स्पष्टता’ असं तिचं नाव. वरच्या माणसाचं अडखळणं, ‘बघते’, ‘मलाही नक्की माहीत नाही’, ‘मला पटत नाहीये पण’ हे सगळं ती गाळून टाकी आणि उरलेल्याचा हुकूम करी. वैजयंती जेव्हा जेव्हा म्हणाली होती की मलाही शंका आहे, मी वर बोलते, तेव्हा तेव्हा टीमनं ऐकलं होतं की निर्णय झालेला आहे.

तिला ते एकनिष्ठ वाटत होते, त्यांना ती दगड वाटत होती.

यानंतर त्यांचं मनोमिलन वगैरे काही झालं नाही. उलट तो तास फार वाईट गेला. दोन वर्षांचं साठलेलं लोकांनी तिच्यासमोर ओतलं, आणि त्यातलं सगळंच यंत्राच्या माथी मारता येण्यासारखं नव्हतं. एकानं सांगितलं की त्याची बदली तिनं एक फोन केला असता तर थांबली असती. प्रणाली म्हणाली की साखर असो नसो, तोंडावर दिसत होतं ना आमच्या, तुम्ही बघितलं का नाही. वैजयंतीनं ऐकून घेतलं. कान ठणकत होते.

दुसऱ्या दिवशी ती विक्रांत सबनीसांच्या केबिनमध्ये गेली. सबनीस पुण्याच्या ऑफिसचे प्रमुख, साठीकडे झुकलेले, वागायला गोड. तिनं दार लोटलं तेव्हा ते फोनवर कुणाला तरी “हो, हो, झालंच समजा” म्हणत होते. तिला धक्का बसला तो त्यांच्या आवाजाचा. तिच्या ओळखीचा आवाज भरदार, तरुण होता. हा माणूस घोगरा, दमलेला होता आणि मधूनमधून त्याला धाप लागत होती.

तिनं सरळ सांगितलं की रुग्णवाहिकेचं काम थांबवायला हवं, टीमची हरकत आहे आणि तिचीही आहे. सबनीस प्रसन्न हसले आणि म्हणाले, छान, ज्या काही सूचना असतील त्या पाठव. तिनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. तेही बघू, असं ते म्हणाले. ईमेललाही साखर लागतच असे. शेवटी तिनं त्यांच्या टेबलावरचा पेन उचलला आणि एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, ‘बोंडं काढा.’

त्यांनी ते वाचलं, तिच्या कानांकडे पाहिलं, उठून दार लावलं आणि बोंडं काढून टेबलावर ठेवली. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

“मला माहीत आहे, वैजयंती,” ते म्हणाले. “कुणाच्या कानाला किती साखर लावायची, हे ठरलं त्या बैठकीत मी होतो.”

“मग तुम्ही का घालता?”

“दिवसभर माणसं येतात माझ्याकडे. प्रत्येकाचं काही ना काही बरोबर असतं. आणि माझ्या हातात काय आहे? मी वर जे बोलतो ते तिथं काय होऊन पोचत असेल, विचार कर.” त्यांनी डोळे चोळले. “ऐकलं की काहीतरी करावं लागतं. करता आलं नाही की घरी जाऊन घास उतरत नाही. ते दिवस मी काढलेत. पुन्हा नकोत.”

“सर, लोक मरतील.”

“असं तुझी टीम म्हणते. दुसरी टीम म्हणते ऑपरेटर टिकतील आणि जास्त लोक वाचतील. मला काय कळतंय?” त्यांनी टेबलावरचं पाकीट उलटं केलं. “कान बरे झाले की ये. मग बोलू.”

त्यांनी बोंडं उचलली, रुमालानं पुसली आणि कानात घातली. मग मान वर करून, जणू ती आत्ताच आली आहे अशा चेहऱ्यानं, “येत जा गं अशीच,” म्हणाले.

आठवड्याच्या शेवटी मंजुरीची बैठक होती. आरोग्य खात्याशी झालेल्या करारात एक कलम होतं, की ज्या विभागानं हे यंत्र बनवलं त्याच्या प्रमुखानं कंपनीच्या समितीसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं: माझ्या विभागाची या वापराला हरकत नाही. समिती पडद्यावर, वेगवेगळ्या शहरांतून, सगळे बोंडं घातलेले. नासिरनं तिला आदल्या दिवशी समजावलं होतं की ‘हरकत आहे’ असं म्हणालीस तर ते ‘काही सूचनांसह हरकत नाही’ असं पोचेल, आणि ध्वनिमुद्रणात तेच राहील. ओरडलीस तर अजून गोड पोचेल. रडलीस तर कदाचित काही पोचणारच नाही.

म्हणून तिची पाळी आली तेव्हा ती बोललीच नाही.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. ती त्यांच्याकडे बघत बसून राहिली, हात मांडीवर. कुणीतरी विचारलं की पुण्याची लाइन गेली आहे का. यंत्रं सांभाळणाऱ्यानं तपासून सांगितलं की लाइन ठीक आहे. तिच्या शेजारी सबनीस बसले होते. अध्यक्षांनी त्यांना सुचवलं की विभागप्रमुखांच्या वतीनं तुम्हीच सांगा, म्हणजे पुढे जाता येईल. वैजयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांचा श्वास मात्र तिला ऐकू येत होता. बोंडं घालून तो ऐकू आला नसता.

“यांची तब्येत बरी नाहीये,” सबनीस अखेर म्हणाले. “पुढे ढकलू या.”

एवढंच. त्यांनी हरकत सांगितली नाही, आणि हरकत नाही असंही म्हणाले नाहीत. बैठक संपल्यावर ते तिच्याशी एक शब्द न बोलता निघून गेले.

पण त्या ढकलण्यामुळे वेळ मिळाला. वैजयंतीच्या मजल्यावरच्या बऱ्याच जणांनी बोंडं काढून ठेवायला सुरुवात केली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. कामावर यायचं, काम करायचं, फक्त कान उघडे ठेवायचे. कंपनीनं संवादशिस्तीच्या भंगाच्या नोटिसा काढल्या. काही जणांनी भीतीनं पुन्हा घातली. काहींना तर उघड्या कानांचा खरोखरच त्रास होऊ लागला. एकमेकांचे खरे आवाज ऐकायची सवय गेली होती, क्षुल्लक कारणांवरून वाद पेटत. वैजयंतीचं डोकं संध्याकाळपर्यंत बधिर होई. बोंडांचा मऊपणा तिला आठवत राही, आणि तो आठवतो याची तिला लाज वाटे.

तारीख का पुढे गेली हे बघायला आरोग्य खात्याचे एक अधिकारी स्वतः पुण्यात आले. पाहुण्यांना बोंडं देण्याची पद्धत नव्हती. सबनीसांनी त्यांना चकचकीत दालनात सादरीकरण दाखवलं आणि मग रीत म्हणून विभागात आणलं. नासिरनं त्यांना एकच गोष्ट ऐकवली. एक आई फोनवर सांगते की बाळाच्या घशात काहीतरी अडकलंय. फोन खोटा होता, सरावासाठी प्रणालीनं केलेला, पण तिनं तो मनापासून केला होता. तोच फोन नासिरनं दोनदा वाजवला, आधी साखर लावून आणि मग तसाच. पहिल्यांदा ऐकताना अधिकारी मान डोलवत होते. दुसऱ्यांदा ते अर्ध्यातच उठून उभे राहिले, जणू कुठेतरी धावायचं होतं. मग खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

पंधरवड्यात खात्याचं पत्र आलं. फोन करणाऱ्याच्या आवाजाला हात लावायचा नाही. ऑपरेटरांच्या थकव्यासाठी दुसरा काही उपाय सुचवा. कंपनीनं ते मान्य केलं आणि एका परिपत्रकात त्याला ‘ग्राहकाचं बारकाईनं ऐकण्याची आपली परंपरा’ असं म्हटलं.

वैजयंतीचं प्रमुखपद गेलं. तिला कागदोपत्री सल्लागार करून दुसऱ्या इमारतीतल्या एका कोपऱ्यात बसवलं. बाकीच्या कंपनीत समस्वर होतं तसंच राहिलं. नवी आवृत्तीही आली. प्रणालीनं बोंडं परत घातली. ती तसं मुद्दाम येऊन सांगून गेली, आणि वैजयंतीला तिचा राग आला नाही. नासिरनं राजीनामा दिला. भांडून नाही. मिरजेला जाऊन थोडे दिवस झोपायचंय, असं तो म्हणाला.

त्याच्या शेवटच्या दिवशी दोघं गेटबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला थांबली. समोरून सतत वाहनं जात होती. कामाचं बोलणं लवकरच संपलं. मग नासिर कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, “एक विचारू? अब्बा गेले तेव्हा तू फोन केलेलास. काय म्हणाली होतीस?”

नासिरचे वडील आदल्या वर्षी वारले होते. ते तंबोरे करत. वैजयंती मिरजेला गेली की तिला शेजारी बसवून तार छेडून दाखवत, आणि लेक सासरी निघावी तसं डबा बांधून देत. बातमी कळली तेव्हा तिनं ऑफिसच्याच फोनवरून त्याला फोन लावला होता, आणि त्या लाइनवरही समस्वर चालत असे.

“तुला काय ऐकू आलं?” तिनं विचारलं.

“‘कळलं. रजा मंजूर आहे. कामाची काळजी करू नका.’”

तिनं कप खाली ठेवला. “मी रडत होते, नासिर. मी म्हटलं, लगेच निघते, गाडी सांगितलीय. तर तू म्हणालास, सगळं व्यवस्थित आहे, तू धावपळ करू नकोस. मला वाटलं, तुला मी नको आहे तिथं.”

नासिरनं आपला कप तिच्या कपाशेजारी ठेवला.

“मी म्हणालो होतो, असरच्या नमाजानंतर अब्बांना नेणार आहोत, तुझ्यासाठी थांबू का,” तो म्हणाला. “तू उत्तर दिलं नाहीस. तरी थांबलो थोडा वेळ. लोक म्हणत होते, उशीर होतोय.”

टपरीवाल्यानं अजून चहा हवा का विचारलं. दोघांपैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग वैजयंती बोलायला लागली. त्या दिवशी फोनवर बोलली होती तेच, आठवेल तसं, मागचं पुढं करत, अडखळत. मध्येच एखादी बस किंवा ट्रक गेला की तिचा आवाज बुडून जाई. अशा वेळी नासिर तिला थांबवत नव्हता. तो फक्त पुढे वाकून कान जवळ आणत होता.